मोजलंस, की वाटलं?

गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवली की माणसं डोळे मिटून पडतात आणि मला दहा मिनिटं निवांत मिळतात. गायधनी काकांनी पहिल्याच दिवशी ती पिशवी उचलली, शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून टॉवेलच्या घडीत खुपसला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटभराने म्हणाले, "बावन्न. तू पंचेचाळीस म्हणालीस. मोजलंस, की वाटलं?"

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना पंचवटीत आहे. त्या वेळी बाहेर सात पेशंट ताटकळत होते आणि माझा स्वभाव मुळातच तापट. मी म्हटलं, "काका, पंधरा वर्षं मी हेच करतेय." त्यावर ते उठूनच बसले. "म्हणजे पंधरा वर्षं वाटतंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू स्मिता ना? अकरावी ब. तुझ्या जर्नलमध्ये उत्तर आधी यायचं आणि रीडिंग नंतर."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. काका आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक येत-जात राहिले, काका तिथेच. त्यांच्या घरातले सगळे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, थोरल्या भावाला तर अख्खी गल्ली गुरुजी म्हणते. हे एकटेच तारा, भिंगं आणि काचेच्या नळ्यांत रमले. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूची खोड त्यांना पाठ होती. चार नंबरचा थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतो हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. चार नंबरवाल्या मुलाचं उत्तर पुस्तकाबरहुकूम तंतोतंत आलं, की ते त्याला शांतपणे पुन्हा पहिल्यापासून प्रयोगाला लावायचे. आम्ही सरांना घाबरत नव्हतो, काकांना घाबरायचो.

निवृत्तीनंतर हा माणूस घरात स्वस्थ बसेल अशी त्यांच्या घरच्यांची समजूत होती. काका रोज पहाटे चालत गंगापूर रोडपर्यंत जायचे आणि चालत परत यायचे. येताना कुणाच्या गच्चीवरचा सोलर चुकीच्या दिशेला तोंड करून बसवलाय हे दार वाजवून सांगायचे. गुडघे झिजले ते असेच. माझ्या टेबलावरही त्यांचा एक पाय सतत हलत असायचा. मी ओरडायचे, "काका, हलू नका." ते म्हणायचे, "हलत नाहीये गं, वेळ मोजतोय." ते गेले त्याला आता वर्ष होईल, पण अजूनही शेकाची पिशवी काढताना मी आधी थर्मामीटर शोधते.

माझा धाकटा भाऊ संकेत सातपूरला एका कारखान्यात आहे. त्याने जुनी हॅचबॅक घेतली आणि वणीच्या रस्त्याला एका बागायतदाराने हौसेने बांधलेल्या दीड किलोमीटरच्या डांबरी ट्रॅकवर ती पळवायला जायला लागला. महिन्यातून एक रविवार, वीस-वीस मिनिटांची तीन सेशनं. एकदा दवाखान्यात मला न्यायला आला आणि कुरकुर करत बसला, की पाच फेऱ्या झाल्या की गाडी वळणावर घसरायलाच लागते. पडद्यापलीकडून काकांचा आवाज आला, "हवा किती भरतोस?"

"बत्तीस. पंपावर. बरोबर बत्तीस."

"पंपापर्यंत गाडी ढकलत नेतोस का?"

संकेत गोंधळला. काका पँटचा वर दुमडलेला पाय तसाच ठेवून बाहेर आले. "अरे, पंपापर्यंत पळाली म्हणजे टायर तापलं. तापलं म्हणजे आतली हवा तापली. बंद डब्यातली हवा तापली की दाब वाढतो, हे मी तुमच्या तीस बॅचेसना उकळत्या पाण्यात डबा बुडवून दाखवलंय. ट्रॅकवर ती आणखी तापते. पळून आल्यावर किती होते? मोजलंस, की वाटलं?"

संकेतने मोजलं नव्हतं. पुढच्या रविवारी काका मागच्या सीटवर होते. या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. सायकलपलीकडे त्यांनी आयुष्यात काही चालवलं नव्हतं.

त्यांची पद्धत बघून पहिल्या दिवशी सगळे हसले. सकाळी टायर थंड असताना हवा सव्वीसच भरायची. वीस मिनिटं पळून आली की ती आपोआप चौतीस होते, आणि हवी असते ती ही चौतीस. बत्तीस भरली तर ती चाळीसवर जाते, टायर मधोमध फुगतं आणि गाडी मधल्याच पट्टीवर पळते. हवेनंतर तापमान. गाडी आत आली की मिनिटाच्या आत प्रत्येक टायरच्या रबरात सुईचा थर्मामीटर तीन ठिकाणी टोचायचा. आतली कड, मध्य, बाहेरची कड. "मध्य जास्त तापला, हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या, हवा कमी आहे. बाहेरची एकटीच कड तापली, तर मुकाट्याने थांबायचं आणि घरी जायचं." मिनिट उलटलं की रबर वरून निवतं, तिन्ही आकडे एकमेकांजवळ येतात आणि मग त्यांना काही अर्थ राहत नाही. म्हणून नियम एकच होता. रीडिंग चुकलं, तर पुढचं सेशन नाही. भरलेले पैसे गेले तरी चालतील.

संकेतची गाडी दोन-तीन रविवारांत घसरायची थांबली. मग हसणं बंद झालं आणि बाकीची पोरंही काकांना हवा विचारायला लागली. जानेवारीतल्या एका सकाळी गाडी नेहमीसारखी पूर्वेला शेपूट करून नाही, तर आडवी उभी होती आणि ऊन एकाच बाजूच्या चाकांवर पडत होतं. उन्हातल्या चाकांत हवा दोनने जास्त दिसली, तशी संकेतने ती सोडून चारही सारखी केली. काका तरातरा आले. "सूर्याने दिलेलं तू काढून टाकलंस? आता पळाल्यावर ही बाजू कमी पडेल." त्या दिवसापासून ते गुरुजींची जुनी धोतरं घेऊन यायला लागले आणि सकाळी चारही चाकांवर पांघरायला लागले. ट्रॅकचा राखणदार कचरूभाऊ लांबून बघत होता. जवळ येऊन त्याने काकांनाच अदबीने विचारलं, "गुरुजी, पूजा किती वाजता हाय? नारळ आणू का?"

"नारळ नको," काका म्हणाले. "सावली आण."

रीडिंग घेण्याचं काम माझं होतं. खाली वाकणं काकांना जमत नव्हतं आणि वाकू नका असं मीच त्यांना बजावलं होतं. मी बसायचे, सुई टोचायचे, आकडा ओरडायचे. काका जर्नलमध्ये लिहायचे, कॉलेजचंच लांबट जर्नल, आणि लिहिता लिहिता गाडीभोवती फिरत राहायचे. आपण गाडीबद्दल काही मत दिलं की ते हात वर करायचे. "आकडा आधी. मत घरी गेल्यावर." मला हे सगळं आवडायला लागलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. रविवारी सुट्टी असताना पहाटे उठून लोकांच्या चाकांशी उकिडवं बसायचं, याबद्दल मी सारखी कटकट करायचे आणि एकही रविवार चुकवायचे नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

मार्चमधला रविवार होता. दुपारी ऊन कडक झालं होतं. संकेत दुसऱ्या सेशनला बाहेर गेला होता आणि काका लांबच्या वळणाशी जाऊन तारेला धरून उभे होते, गाडी कशी झुकते ते बघायला. मला एका पेशंटचा फोन आला. बाईंच्या पाठीचं दुखणं मी झाडाखाली उभी राहून ऐकत राहिले, आणि वळून बघते तर गाडी आत येऊन उभी. कधी आली ते कळलंही नव्हतं. संकेत हेल्मेट काढून पाणी पीत होता. म्हणाला, "ताई, पाच मिनिटं झाली. काका येतायत बघ."

मी धावले. डाव्या पुढच्या चाकात सुई टोचली. या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडे, त्यामुळे सगळा भार त्याच चाकावर येतो. एकसष्ट, साठ, बासष्ट. निवलेलं रबर. काका तारेकडून लंगडत निघाले होते. मला पुढचं सगळं दिसलं. ते विचारणार, मी सांगणार, ते जर्नल मिटणार. संकेतचं शेवटचं सेशन जाणार. आज त्याची फेरी पहिल्यांदाच मनासारखी लागली होती आणि तो तेच सांगत सुटला होता. मग परतीच्या वाटेवर तासभर माझं बौद्धिक. मी मनात वीस मिळवले. काका जवळ आले तेव्हा मी म्हणाले, "एक्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी." बाकीच्या तीन चाकांनाही वीस वीस मिळवले. अकरावीत शिकलेली विद्या.

"वा," काका म्हणाले. "अगदी सपाट. हवा किती?"

हवा मी खरी मोजली. "तेहतीस."

"मग हात लावायचा नाही. जाऊ दे त्याला." लिहिताना ते खुशीत होते.

तिसऱ्या सेशनच्या चौथ्या फेरीला डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेचं रबर सोलून निघालं. उजव्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली आणि कुंपणाला रचलेल्या जुन्या टायरांत घुसली. मी धावत पोचले तेव्हा संकेत आत बसून होता, चेहरा पांढरा, आणि डावा खांदा खाली आलेला. कॉलरबोन मोडली होती. दोन फूट अलीकडे सिमेंटचा खांब होता. तो मी त्या दिवशी बघितला आणि अजून बघतेय.

ज्या कडेचं रबर निघालं तिथे फोड आले होते. ती कड किती तापली होती हे सुईने मिनिटाच्या आत सांगितलं असतं. काका त्या चाकाजवळ उभे राहून एकदा रबराकडे, एकदा जर्नलकडे बघत होते. एक्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी.

आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या नादी लागलात. ज्याला गाडी चालवता येत नाही तो हवा सांगतो." मी काही बोलले नाही. हॉस्पिटल आहे, आता कशाला, असं स्वतःला सांगितलं. नंतर संकेत घरी आला, त्याचा खांदा मीच हलवायला शिकवत होते, तेव्हाही बोलले नाही. एकदा गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी गप्प राहणं सोपं जातं, याचा मला चांगलाच सराव झाला.

काकांची मात्र झोप उडाली. आधी त्यांचा संशय थर्मामीटरवर. त्यांनी तो बर्फात घालून बघितला, उकळत्या पाण्यात घालून बघितला, कॉलेजात जाऊन तिथल्या तीन थर्मामीटरांशी ताडून बघितला. चोख होता. मग टायर जुनं असेल म्हणून त्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा शोधला. तेही नवं. मग भर उन्हात त्यांनी गच्चीवर जुनी टायरं मांडली, तासातासाने सुई टोचत बसले. गुरुजी मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, सोवळं वाळत घालायला जागा नाही राहिली. काय झालंय त्याला?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे, गुरुजी." दुसरं काय म्हणणार होते?

आठवड्यातून दोनदा ते गुडघ्यांसाठी यायचे आणि जर्नल घेऊन यायचे. "स्मिता, हे बघ ना. तेहतीस हवा. सपाट तापमान. असं टायर सोलत नाही. माझं कुठे चुकतंय?" मी म्हणायचे, "काका, पडून राहा, शेक चालू आहे." हे वाक्य मी चार महिने वापरलं. त्यांचं वजन उतरलं होतं. चालणं दुप्पट झालं होतं आणि गुडघे मी जेवढे सुधारायचे तेवढे ते पुन्हा बिघडवून आणायचे. मी त्यावरूनही त्यांना रागावायचे, ही कमाल.

श्रावणात एका दुपारी ते आले तेव्हा हातात जर्नल नव्हतं. थर्मामीटर आणि हवेचा गेज एका कापडी पिशवीत घालून आणले होते. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे संकेतला दे. माझ्याच्याने होणार नाही आता. आकडे बरोबर आहेत आणि तरी पोरगं मरता मरता वाचलं, म्हणजे मला यातलं काही कळत नव्हतं. तुझी आई म्हणते ते खरं आहे. उगाच शहाणपणा केला."

बाहेर पेशंट होते. मी दार लावलं आणि सांगून टाकलं. फोन, पाच मिनिटं, एकसष्ट साठ बासष्ट, वीस.

मला वाटलं होतं ओरडतील. ते फिरायचे थांबले नाहीत, टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. खिडकीशी वळताना म्हणाले, "म्हणजे सुई बरोबर होती."

"हो."

"पद्धत बरोबर होती."

"हो, काका. मीच."

"यंत्र तपासलं," ते म्हणाले. "टायर तपासलं. ऊन तपासलं. स्वतःला किती तपासलं ते विचारू नकोस. तुला तपासलं नाही गं. ते सुचलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा तिथे उभं राहवत नव्हतं आणि दार मीच लावून घेतलेलं.

मग चष्मा पुसत म्हणाले, "संकेतला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगितलंस? खांदा कुणाचा मोडलाय?"

त्याच संध्याकाळी मी संकेतला सांगितलं आणि आईला सांगितलं. संकेत म्हणाला, "ताई, मला विचारलं असतंस तर मी थांबलो असतो." थांबला असता की नाही देव जाणे, पण मी विचारलं नव्हतं. आईने रागाच्या भरात माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन स्वतः काकांच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काकांनी माझ्याशी वागणं जराही बदललं नाही. गुडघ्यांसाठी येत राहिले. पिशवीचं तापमान मोजत राहिले. माझ्या हातचा चहा पिऊन त्यात साखर जास्त असल्याचं सांगत राहिले. कापडी पिशवी परत घेऊन गेले. मला वाटलं, संपलं हे प्रकरण. कबूल केलं की हलकं वाटतं म्हणतात, तसं मला वाटलंही.

डिसेंबरात संकेत पुन्हा ट्रॅकवर उतरला. नवी टायरं, हवा सव्वीस, चाकांवर गुरुजींची धोतरं. पहिलं सेशन संपवून गाडी आत आली, आणि मी नेहमीसारखी पुढे होऊन सुईसाठी हात केला. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. रागाने नाही, बिलकूल नाही. सुई त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली आणि डाव्या पुढच्या चाकाकडे वळले. बॉनेटला एक हात लावला, दुसरा स्वतःच्या मांडीवर दाबला आणि खाली बसायला लागले.

त्या गुडघ्यांत काय चाललंय ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. उजवा जेमतेम अर्धा वळायचा. डावा वळताना कुरकुरायचा, तो आवाज मला दोन पावलांवरून ऐकू आला. अर्ध्यात ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा खाली जायला लागले. मी तिथेच उभी होते, धडधाकट, अर्ध्या सेकंदात खाली बसू शकणारी. संकेत गाडीतून माझ्याकडे बघत होता. मी "काका, द्या ना" म्हणू शकले असते.

सुई रबराला लागली तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं उलटून गेली होती. त्यांनी आकडा वाचलासुद्धा नाही. सुई पुसली, जर्नल मांडीवर उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: उशीर झाला. रीडिंग घेतलं नाही. संकेतने काही न विचारता इंजिन बंद केलं, पट्टा सोडला, हेल्मेट काढून टपावर ठेवलं. त्या दिवशी दुसरं सेशन झालं नाही, आणि काकांचा ट्रॅकवरचा तो शेवटचा दिवस ठरला.

जर्नल मिटून, खाली बसल्या बसल्याच त्यांनी माझ्याकडे हात वर केला. म्हणाले, "उठव मला. गुडघ्यातलं तुला कळतं."